उभ्या गाडीतलं पाणी

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. वयाने तिच्यापेक्षा थोराड असलेले दोघे-तिघे म्हातारेसुद्धा वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनींचा नवरा ओघानेच सगळ्यांचा दादा. दादांनी उभी हयात एका बेकरीची व्हॅन चालवण्यात घालवली होती. पहाटे पाव दुकानांत पोचवायचे आणि लोक दात घासायला उठेपर्यंत घरी परत यायचं. मग एका वर्षी पाय सुजले, तोंड सुजलं, तपासण्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा सकाळी दवाखान्यात जायचं, मशीनला हात जोडायचा, म्हणजे नळ्यांनी जोडायचा, आणि चार तास रक्त धुऊन घ्यायचं. ज्या दिवशी जायचं चुकेल त्या दिवसापासून अंगात पाणी साठायला सुरुवात. दोन-तीन पाळ्या चुकल्या तर माणूस आतल्या आत बुडतो, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती.

दादांना स्टिअरिंग धरायची बंदी झाली. म्हणून पन्नाशी उलटल्यावर वहिनी गाडी शिकल्या. शिकवणारे अर्थातच दादा, आणि जन्मभर गाडी चालवलेला नवरा शेजारी बसून शिकवतो म्हणजे काय असतं हे ज्या बायकांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण शिकल्या. गाडी होती ती दादांनीच फार पूर्वी जुनी म्हणून घेतलेली, त्यामुळे आता ती जुन्याची जुनी झाली होती. रंग कधीकाळी निळा असावा. मागचं एक दार आतूनच उघडायचं, आणि काच खाली करायची तर हाताने धरून ओढावी लागायची. दवाखान्यापलीकडे ती कुठे जात नसे. कपडे दुरुस्त करण्याच्या ज्या दुकानात वहिनी काम करत, ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

दवाखान्याची स्वतःची गाडी होती. पेशंटांना घरून न्यायची, घरी आणून सोडायची. पण ती गावभर फिरून एकेकाला गोळा करत जाई, आणि सुरुवातीच्या आठवड्यात दादा एकदा तिच्यात बसून आले ते पांढरेफटक पडून. "त्या गाडीत बसलं की मेल्यासारखं वाटतं," असं ते म्हणाले. वहिनींनी ते वाक्य मनात खिळ्यासारखं ठोकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला बसल्या. त्या अशाच होत्या. एखादी गोष्ट पत्करली की पत्करली, मग पाठ मोडो नाहीतर कंबर.

त्यांचा दिवस कसा जाई ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं. दवाखान्याच्या दिवशी अंधार असतानाच उठायचं, दादांचं पथ्याचं करायचं, त्यांना आंघोळ घालून कपडे चढवायचे, गाडी काढायची. त्यांना मशीनवर सोडून बाहेरच्या बाकावर बसायचं आणि पिशवीतून आणलेल्या लोकांच्या पँटी खालून दुमडून हाताने टाके घालायचे. मग परत आणायचं, झोपवायचं, आणि दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत लोकांच्या चेनी बदलायच्या. घरी येऊन स्वयंपाक. उरलेल्या दिवशी दवाखाना नसे, पण त्या दिवशी राहिलेली सगळी कामं असत. कुणी विचारलं, "वहिनी, थकत नाही का हो?" तर उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

अशात एका सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर समोर पिवळा दिवा लागला. छोट्या टाकीसारखं चित्र आणि त्यात दोन लाटा.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

दादा शेजारच्या सीटवर मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "कूलंट कमी झालंय. इंजिन थंड ठेवणारं पाणी. आता अशी गाडी नेणं बरं नाही. आजच्या दिवस दवाखान्याची गाडी बोलाव."

"आणि तुमचं मेल्यासारखं वाटणं? त्यात काय, पाणी टाकलं की झालं."

वहिनींनी बॉनेट उघडलं. इंजिन गार होतं तोवर ठीक, तापल्यावर झाकण उघडलं तर वाफेने तोंड भाजतं, हे दादांनीच शिकवलेलं. कडेची पांढरी प्लॅस्टिकची टाकी पाहिली, तर पातळी खालच्या रेघेच्याही खाली. मागच्या सीटवर दादांचा जुना डबा होता, त्यातलं हिरवट मिश्रण वरच्या रेघेपर्यंत ओतलं. दिवा गेला. दवाखान्याच्या वळणापर्यंत दादा बाहेरच बघत होते.

पुढच्या पाळीला दिवा पुन्हा लागला. त्याच्या पुढच्याही. आता उठायच्या वेळेच्या आधी आणखी उठणं आलं. बॅटरी घेऊन अंगणात जायचं, टाकी बघायची, भरायची. डबा संपला की दुकानातून येताना नवा आणायचा. तो कूलंटचा डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली तेलाच्या डब्याशेजारी राहू लागला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते हे घोडं.

"तुझी गाडी नुसती पाणी पिते," एकदा दादा म्हणाले. त्यांना स्वतःला दिवसाला मोजून दोन पेले पाणी होतं, तेही औषधासकट. "तिला हवं तेवढं, आणि मला मेलं चमच्याने."

वहिनी हसल्या नाहीत. हसायलाही थोडं बळ लागतं.

मुलगी दूरच्या शहरात होती. तिचा फोन आला की ती म्हणे, "आई, ती गाडी टाक काढून. बाबांना घेऊन जाताना मध्येच बंद पडली तर?" नेमकी हीच भीती वहिनींच्या पोटात दिवसरात्र बसलेली, आणि तीच मुलीने उघड बोलून दाखवली म्हणून तिचा राग यायचा. "गाडीला काही होत नाही," वहिनी म्हणायच्या. "तू आपलं बघ." फोन ठेवला की त्या ओट्याला टेकून जरा उभ्या राहायच्या.

शेवटी दवाखाना नव्हता त्या दिवशी त्यांनी गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, तिच्यात नेहमी एक गाडी उघडी पडलेली आणि मिस्त्रीचं अर्धं शरीर तिच्या पोटात. मिस्त्रीचं एक तत्त्व होतं. गाडी खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. म्हणून तो प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचा.

"किती टाकता?"

"टाकी भरेपर्यंत. तीनेक बोटं."

"दर वेळी तेवढंच?"

"दर वेळी."

"नक्की? कधी जास्त, कधी कमी असं नाही?"

"बाबा रे, मी रोज लोकांच्या पँटी मोजते. मला बोटं मोजता येतात."

मिस्त्री कामाला लागला. आधी दिव्यालाच धरलं. कधीकधी पाणी पुरेसं असतं आणि टाकीतला सेन्सर उगाच बोंब मारतो. त्याने वायरचा प्लग काढून पुसला, परत बसवला. पण वहिनी तर डोळ्यांनी पातळी खाली गेलेली बघत होत्या, तेव्हा सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. मग टाकीचं झाकण. आतलं रबर कडक झालेलं होतं, म्हणून ते बदललं. मग पाइप एकेक करून दाबून पाहिले, पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवून ओल लागते का पाहिलं. आत वाकून दादांच्या सीटपुढची चटई उचलून हुंगली, कारण हीटर गळत असेल तर तिथे गोडसर वास येतो. तेलाचं झाकण उघडून आत सायीसारखा पांढरा थर आहे का पाहिलं. कूलंट तेलात शिरलं की तशी साय धरते, आणि मग इंजिनाचं काही खरं नसतं. साय नव्हती.

शेवटी त्याने हातपंप लावून आत हवेचा दाब भरला, काटा एका जागी आला, आणि दोघं त्या काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही. मिस्त्रीने विडी ओढली, परत आला, तरी काटा तिथेच.

"गळती नाही," तो म्हणाला. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही.

"मग पाणी जातं कुठे?"

"तेच म्हणतोय मी. झाकण बदललंय. बघा आता."

पुढच्या पाळीच्या सकाळी दिवा लागला. त्या सकाळी वहिनी अंगणात बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या आणि त्यांना वाटलं की आता इथेच, उभ्या उभ्या, थोडं झोपावं. कुणी हाक मारीपर्यंत. मग त्यांनी डबा उचलला.

दुपारी त्या पुन्हा मिस्त्रीकडे गेल्या. या वेळी त्याने टाकी वरपर्यंत भरली आणि मागच्या बाजूला, इंजिनाकडच्या अंगाला, मार्करने पातळीवर बारीकशी काळी रेघ ओढली. एक मोठा पुठ्ठा दिला. "घरी नेऊन उभी करा. खाली हा घाला. उद्या दिवसभर हलवू नका. गाडी एक थेंब गाळत असली तरी पुठ्ठ्यावर दिसेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आल्यावर वहिनींनी आधी पुठ्ठा ओढून बघितला. कोरडा ठणठणीत. मग बॉनेट उघडलं. पातळी काळ्या रेघेच्या तीन बोटं खाली. त्या तशाच चपला फरफटत मिस्त्रीकडे गेल्या.

मिस्त्रीने ऐकून घेतलं. तीनदा विचारलं. मग हात पुसत म्हणाला, "वहिनी, बंद गाडीतलं पाणी हवेत जात नाही. इंजिन चालू नाही, पुठ्ठा ओला नाही. कुणीतरी काढतंय."

"कूलंट? कोण काढेल?"

"गल्लीतली पोरं. त्यांना उद्योग लागतो. बॉनेटचं लॉक तुमचं नीट लागत नाही, केव्हाचं सांगतोय."

पोरांवर वहिनींचा संशय लगेच बसला, कारण त्यांचा चेंडू सदा गाडीखाली. मिस्त्री म्हणतो म्हणजे पोरंच, आणि आपण मात्र अंधारात उठून टाक्या भरतोय. त्यांना असा संताप आला की थकवा दोन दिवस कुठल्या कुठे गेला. पोरांनी गंमत म्हणून काढलेल्या पाण्यापायी आपला माणूस रस्त्यात अडकला असता, मशीनची पाळी हुकली असती, आणि त्याचं पुढे काय झालं असतं हे त्या पोरांच्या आयांना कोण समजावणार? त्यांनी ठरवलं की एकेकाला कानाला धरून दादांपुढे उभं करायचं.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जे खरंही होतं, आणि भर दुपारी घरी निघाल्या. गल्लीत शिरताना चपला हातात घेतल्या. भिंतीच्या कडेकडेने आल्या. बॉनेट वर केलेलं दिसलं. वहिनींनी पदर खोचला.

बॉनेटच्या आड दादा होते.

एका हाताने गाडीला धरून ते कसेबसे उभे होते. दुसऱ्या हातात जाड सिरिंज, दवाखान्यातून आणलेली, आजारपणात दादांना जेवण जात नव्हतं तेव्हा नळीतून पेज द्यायला वापरलेली. तिला लावलेली नळी टाकीत सोडलेली होती. पायाशी झाकणाचा डबा. सिरिंज भरायची, डब्यात रिकामी करायची, परत भरायची. शेजारी खुर्ची आणून ठेवलेली, मध्ये दम लागला की बसायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा वहिनींच्या डोळ्यांदेखत हिरवं पाणी उपसत होता.

दादांनी वर पाहिलं आणि शाळेत पकडलेल्या मुलासारखी सिरिंज पाठीमागे लपवली. नळी मात्र टाकीतच लोंबत राहिली.

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"डबा झाकून ठेवतो मी. मांजरं पितात, गोड असतं ते. मरतात," दादा म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

"कशासाठी?"

दादा खुर्चीत बसले. बराच वेळ श्वास जुळवत होते. जन्मभर गाड्यांत घालवलेल्या माणसाला पुठ्ठ्यावर दोन थेंब सांडून ठेवायची अक्कल सुचली नव्हती. खोटेपणाचा सराव नव्हता, दुसरं काय.

"दिवा लागला की तू गाडी काढणार नाहीस असं वाटलं होतं," ते म्हणाले. "दवाखान्याची गाडी बोलावशील. मग मी जाईन, तू झोपशील."

"मला झोपायचंय असं कोण म्हणालं?"

"पुलाजवळच्या सिग्नलला झोपली होतीस."

"डोळा मिटला असेल क्षणभर."

"हिरवा होऊन परत लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मी हँडब्रेक ओढून धरला होता दोन्ही हातांनी. मागचा माणूस उतरून आला काचेपर्यंत, त्याला मी खुणेने गप्प केलं. मग तू जागी झालीस आणि गिअर टाकलास. तुला कळलंही नाही. गाडी चालत असती तर, अगं? मी शेजारी बसून काय करणार होतो?"

वहिनींना तो सिग्नल आठवला. त्यांना फक्त इतकंच आठवलं की त्या दिवशी घरी आल्यावर जरा बरं वाटलं होतं.

"मला सांगायचं होतंत."

"किती वेळा विचारलं. थकलीस का म्हटलं की तुला धाड भरलेली नसते."

"तुम्हालाच ती गाडी नको होती. मेल्यासारखं वाटतं म्हणालात."

"पहिल्या आठवड्यात म्हणालो. पहिल्या आठवड्यात मी मशीनही नको म्हणालो होतो, डॉक्टरीण नको म्हणालो होतो, जगायचंच नको म्हणालो होतो. त्यातलं तू एक ऐकलंस. आणि ऐकलंस तेही नेमकं हेच."

वहिनींचा राग कुठेतरी टेकायला जागा शोधत होता. "इंजिन जळलं असतं म्हणजे?"

"नसतं जळलं. दिवा लागण्यापुरतंच काढत होतो."

"आणि मी रोज अंधारात उठून ते भरत होते," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुमच्या आधी उठून. झोपेतला अर्धा तास काढून. मला झोप मिळावी म्हणून तुम्ही काढायचं आणि मी झोप मोडून भरायचं."

दादांनी मान खाली घातली. "तू अशी भरत बसशील हे ध्यानात यायला हवं होतं. एवढ्या वर्षांचा संसार आहे. करायला गेलो एक अन् झालं भलतंच. मग थांबवावं वाटायचं, पण वाटे, आज तरी ही वैतागेल. आज तरी म्हणेल, जाऊ दे."

पोरांचा चेंडू येऊन गाडीखाली गेला. पोरं कोपऱ्यावरूनच डोकावली आणि मोठ्यांची तोंडं बघून चेंडू न घेता पळाली. वहिनींनी टाकीतली नळी बाहेर काढली, सिरिंज त्यांच्या हातातून घेतली आणि तिच्यातलं उरलेलं टाकीत परत सोडलं. मग झाकण फिरवून बसवलं आणि बॉनेट पाडलं. सगळं झाल्यावर करायला काही उरलं नाही, म्हणून त्या मडगार्डला टेकून खाली जमिनीवरच बसल्या.

"थकलेय हो मी," त्या म्हणाल्या. "फार थकलेय."

इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आले. म्हणताना त्यांना वाटलं होतं की यापुढे काहीतरी कोसळेल. आपण थकलो असं म्हटलं तर यांचं करून कंटाळलो असा अर्थ होईल, यांना ओझं वाटेल, हे मशीनलाच नको म्हणतील. म्हणून तर त्या गप्प होत्या. पण दादांनी नुसती मान हलवली, आणि त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

"मीही," दादा म्हणाले.

संध्याकाळी वहिनींनी स्वतः दवाखान्यात फोन लावला आणि उद्यापासून गाडी पाठवायला सांगितलं. रात्री वहिनींनी सवयीने घड्याळाला गजर लावला. दादांनी तो काढून टाकला. वहिनींनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तरी सकाळी त्यांना अंधारात जाग आलीच. शरीराला कुठे सांगितलेलं असतं. दादा शेजारी नव्हते. आतल्या खोलीत ते एकटे कपडे चढवत होते, शर्टाच्या बाहीशी झटापट चालल्याचं ऐकू येत होतं. एकदा खुर्ची सरकली, एकदा दादा थांबून धापा टाकू लागले. वहिनींचे पाय आपोआप पांघरुणाबाहेर आले. जाऊन त्यांनी ती बाही एका क्षणात घातली असती. त्यांनी पाय परत आत घेतले. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग दाराशी गाडी थांबली. गाडीवाल्याने मोठ्याने हाक मारली, "चला दादा, वहिनी येणार आहेत का बरोबर?"

"हळू बोल रे," दादा दारातून म्हणाले. "ती झोपलीय."

वहिनी टक्क जाग्या होत्या. डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. गाडीचं दार लागलं, आवाज गल्लीबाहेर गेला, आणि नवऱ्याला खोटं पाडायला नको म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळाने दादांचं म्हणणं खरं झालं.